वासाची घंटा

अस्वलानं मालकांना खाल्लं नव्हतं. पोत्यात काय भरलंय ते बघावं तसं नुसतं उलटंपालटं करून टाकून दिलं होतं.

विश्रामगृहाचा केअरटेकर शेकोटीची लाकडं घेऊन व्हरांड्याच्या कोपऱ्यावरून वळला आणि लाकडं त्याच्या हातातून पायावर पडली. समोर तळं, तळ्यापलीकडे बर्फाचे डोंगर, डोंगरांच्या टोकांवर कोवळं ऊन. ज्या देखाव्यासाठी लोक वर्षभर आधी खोल्या अडवून ठेवतात, तो सगळा देखावा जागच्या जागी होता. मालक, म्हणजे दरवर्षी इथं उतरणाऱ्या कुटुंबाचे कर्ते म्हातारे, तेवढे जागेवर नव्हते. त्यांची चाकाची खुर्ची पालथी पडली होती आणि ते स्वतः पायऱ्यांखाली होते, मान भलत्याच बाजूला वळवून.

तेवढ्यात आतून त्यांची धाकटी सून चहाचा कप घेऊन आली. तिनं पाहिलं. कप हातातून सुटला नाही. तिनं तो कठड्यावर नीट ठेवला आणि मग ओरडली.

हे कप ठेवणं तिला फार महागात पडलं. "बोंब मारायच्या आधी कप ठेवायचं भान होतं हो बाईला!" असं तिची मोठी जाऊ त्यानंतर भेटेल त्याला सांगत सुटली.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत माणूस मेला की आधी येते ती रेंजरबाई. पोलीस खालच्या गावातून यायचे, आणि घाटात दरड कोसळलेली, म्हणजे दुपारशिवाय त्यांचं तोंड दिसणार नव्हतं.

रेंजरबाई अंगानं दणकट आणि जिभेनं त्याहून. नवरा, साहेब आणि जनावरं, तिघांशीही ती एकाच आवाजात बोलायची. ऐकायची फक्त जनावरं.

सगळे मेलेल्याकडे बघत होते. ती खुर्चीजवळ उकिडवी बसली होती.

खुर्ची विश्रामगृहाचीच, लाकडाची, जुन्या घडणीची. बसायच्या फळीची खालची बाजू चाटून चाटून पांढरी पडली होती. काळं पॉलिश निघून आतलं लाकूड वर आलं होतं. दातांच्या खुणा होत्या त्या फळीला. मालकांच्या अंगाला एकही नव्हती. पंजाचा एक तडाखा, बस.

रेंजरबाईनं फळीच्या सांध्यात नख घातलं, नाकाशी नेलं.

"मध," ती म्हणाली. "अस्वलीण माणूस मारायला आलीच नव्हती. खुर्ची चाटायला आली होती. म्हातारा मध्ये होता."

"मग तिला सोडायची का बाई?" तिच्या वनरक्षकानं विचारलं. खाली झोपाळ्यामागच्या झुडपात अस्वलीण अजून होती. पिल्लं तिथंच होती, ती कुठं जाणार?

"नियम कुठं सोडतोय? माणूस मारलेलं जनावर ठेवायचं नाही. बंदूक घेऊन बस तिकडे. पण मी हात वर केल्याशिवाय गोळी नाही. कळलं?"

"कळलं."

"खुर्चीला मध आपोआप लागत नाही," ती उठता उठता म्हणाली. "अस्वलाला फाशी आपण देतोच. बघू, त्याला सुपारी कोणी दिली ते."

विश्रामगृह फार जुनं. कुणा श्रीमंतानं शिकारीच्या हौसेपायी बांधलेलं. अख्ख्या ओंडक्यांच्या भिंती, माणूस उभा मावेल एवढी शेकोटी, आणि वर मारलेल्या जनावरांची डोकी, जेवणाऱ्याच्या ताटात काय पडतंय ते बघत. शिकार बंद झाली, श्रीमंत मातीत गेला, डोकी राहिली. आणि राहिली एक रीत.

रात्रीची जेवणं झाली की केअरटेकर पितळी घंटा वाजवत दारोदार फिरतो. "वास बाहेर! वास बाहेर!" मग ज्याच्याकडे जे वासाचं असेल ते बाहेर काढायचं. खाऊ, साबण, डोक्याचं तेल, दातांची पेस्टसुद्धा. सगळं मागच्या अंगणातल्या लोखंडी पेटीत. चॉकलेटचा नुसता कागद खोलीत राहिला तरी अस्वल खिडकी फोडून आत येतं. मालकांचं कुटुंब दरवर्षी इथं यायचं, त्यांना ही रीत तोंडपाठ होती.

आणि कुटुंब म्हणजे काय, ते कालच्या जेवणात सगळ्या डोक्यांनी पाहिलं होतं.

मालकांचे पाय झटक्यानं गेले होते, जीभ शाबूत होती. घरात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. धाकटा मुलगा अपघातात गेला, त्याची बायको आणि चिमणी नावाची नात मागे राहिली. काल ताटावर बसल्याबसल्या मालकांनी सांगून टाकलं, "धाकटीचं दुसरं लग्न मी ठरवलंय. मुलगा पाहिला, सरळ आहे. चिमणी तिच्या आईबरोबर जाईल. हा माझा शब्द."

धाकटी रडली. थोरला मुलगा खात राहिला. थोरल्या सुनेनं भुवया वर नेल्या त्या खाली आणल्याच नाहीत. आणि मालकीणबाई, म्हणजे मालकांची बायको, तिनं एवढंच म्हटलं, "भात वाढू का अजून?"

रेंजरबाईनं आधी केअरटेकरला धरलं.

"काल घंटा वाजवलीस?"

"वाजवली बाईसाहेब. ती वाजवल्याशिवाय मला झोप येत नाही."

"सगळं पेटीत गेलं?"

तो घुटमळला. "मधाची बरणी सोडून. टेबलावर होती, आवरायला गेलो तर नव्हती. म्हटलं, चिमणीनं लपवली असेल. तिला मधाचं वेड आहे."

"आणि तू झोपलास. वा! अस्वलाला पत्ता देऊन झोपलास."

"चुकलंच."

"खुर्ची कुठं असते?"

"मालकांच्या खोलीबाहेर, बोळात. त्याच बोळातून सगळे जिन्याकडे जातात. कुणाचाही हात लागेल."

"कुणाचाही नाही. एकाचाच लागलाय."

मग ती स्वयंपाकघरात गेली. धाकटी सून स्टुलावर बसली होती. तिला काही सुचत नव्हतं म्हणून तिनं रेंजरबाईसाठी चहा टाकला आणि पुढे केला. रेंजरबाईनं कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"दूध करपलंय गं."

"हो का?" धाकटी दचकली. "माफ करा हं. दुसरा करते."

"तिला काय सांगता!" दारातून आवाज आला. मालकीणबाई काठी टेकत उभ्या होत्या. "तापात वास गेला तिचा. घरात गॅस सुटला तरी धावायचं आम्हीच. नाकाचं काम बंद, पण नाक मात्र कायम वर! आता दुसरा नवरा करायला निघाली होती. बघा, पहिलं पाऊल कुणाच्या छातीवर टाकलं ते."

"आई, मी काहीही..."

"आई म्हणू नकोस मला." काठी टकटक करत बोळातून लांब गेली.

रेंजरबाईनं दार लावलं.

"सकाळचं सांग. काही गाळू नकोस."

"उजाडलं की मामंजींना व्हरांड्यात न्यायचं, हा रोजचा नेम. त्यांना तळ्यावरचं ऊन बघायचं असतं. पायांवर रग घालते. चिमणी त्यांच्या मांडीवर बसते आणि मी चहा करायला जाते."

"आज चिमणी मांडीवर नव्हती."

"नव्हती. काल ती वर आईंच्या खोलीत झोपली. एरवी माझ्याजवळच झोपते. आई म्हणाल्या, 'आता किती दिवस राहिलेत माझ्याजवळ, आजची रात्र राहू दे.' मला कसं नाही म्हणवेल? सकाळी न्यायला गेले तर म्हणाल्या, 'झोपू दे तिला.'"

"मालक काही बोलले?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चेष्टा केली. 'काय गं, आज मधाच्या पोळ्यावर बसवलंस का मला?' मला वाटलं, लग्नावरून चिडवतायत. हसले मी. हसून आत गेले हो!"

"रग कसा होता?"

"रग? जरा चिकट लागला हाताला. म्हटलं, पोरीनं काही सांडलं असेल."

"हे कुणाला बोललीस?"

"नाही. मला विचारलंय कोणी?"

"आता विचारलं तरी बोलायचं नाही. चटका लागला तरी नाही."

तो रग आता पुरावा म्हणून हातात यायचा नव्हता. अस्वलिणीनं तो झुडपात ओढत नेला होता आणि तिच्या पिल्लांनी त्याच्या चिंध्या केल्या होत्या.

एवढ्यात बोळातून थोरल्या सुनेची किंकाळी आली. सापबिप निघावा तशी. धाकटीच्या खोलीत, पलंगाखाली, मधाची बरणी होती. झाकण उघडं, मध जवळजवळ संपलेला.

"सापडली! सापडली चोरी!" ती नाचायचीच बाकी होती. "मी म्हणत नव्हते? कप कसा ठेवला होता नीट!"

थोरला मुलगाही आला. तळहातानं तोंड पुसत. बाप मेला म्हणून त्यानं नाष्टा सोडला नव्हता.

"आता आणखी काय पुरावा पाहिजे? हिनंच बाबांना मारलं. लग्न करायचंय बाईला, म्हातारा गळ्यात कशाला? उद्या बाबांनी शब्द फिरवला असता म्हणजे?"

"फिरवत असत का ते शब्द?"

"बाबा? छे! जन्मात कधी नाही."

"मग तुमचं तुम्हीच उत्तर दिलंत. बसा." रेंजरबाई थोरलीकडे वळली. "तुमचा हात पलंगाखाली कसा गेला हो? दुसऱ्याच्या खोलीत?"

"मी कशाला हात घालते? चिमणीची चप्पल शोधत होते. सासूबाई म्हणाल्या, पलंगाखाली बघ."

"खिडकी उघडी होती का या खोलीची?"

"तिची खिडकी कायम उघडी. हिला म्हणे कोंडल्यासारखं होतं. तळमजला आहे, जंगल आहे, लेकरू आहे, काही नाही!"

"लेकरू," रेंजरबाई म्हणाली. "हो. लेकरू आहे खरं."

मालकीणबाई दिवाणखान्यात शेकोटीजवळ बसून चिमणीच्या फ्रॉकला झालर लावत होत्या. चिमणी पायाशी भातुकली मांडून बसलेली. मालकीणबाईंचे डोळे कोरडे, टाके बारीक. नवरा मेला त्या सकाळी टाके इतके बारीक पडणं सोपं नसतं.

"रडत नाही तुम्ही, आजी?"

"रडण्याचं प्रदर्शन मांडायची आम्हाला सवय नाही. ज्यांना असेल त्यांनी मांडावं."

"मालकांशी कसं होतं तुमचं?"

"कसं असतं? त्यांनी बोलायचं, मी करायचं. संसार म्हणतात त्याला."

"कालचा त्यांचा निर्णय पटला तुम्हाला?"

"मला विचारून घेतला होता का, पटायला?" त्यांनी दातानं दोरा तोडला. "चूल विचारते का कुणाला, काय शिजवू म्हणून?"

"आणि आता? धाकटीला पोलीस घेऊन गेले तर?"

"तर काय. आई तुरुंगात गेली की पोर आजीकडेच राहतं. सगळ्या जगात हेच आहे." हे बोलताना त्यांनी मान वर केली नाही. हात मात्र चिमणीच्या केसांवरून फिरला, आणि तो हात फार मऊ होता.

रेंजरबाई उठून मालकांच्या खोलीत गेली. विश्रामगृहातून चाकाच्या खुर्चीबरोबर रग जोडीनं मिळतात, एक धुवायला गेला तर दुसरा असावा म्हणून. दुसरा ट्रंकेवर घडी घालून ठेवलेला होता. तिनं घडी उलगडली, आतल्या बाजूला नाक लावलं. बराच वेळ. मग बाहेर नेऊन व्हरांड्यातल्या बाकाच्या पाठीवर टाकला, पडदा टाकावा तसा सहज.

दुपार कलायला आली. खालून जीप सुटल्याचा निरोप आला. रेंजरबाईनं सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. थोरला, थोरली, मालकीणबाई एका टोकाला, वेताच्या खुर्च्यांवर. धाकटी दुसऱ्या टोकाला, बाकावर एकटी, वाळीत टाकल्यासारखी. वारा खुर्च्यांकडून बाकाकडे वाहत होता.

"खुर्चीला मध फासला होता," रेंजरबाई म्हणाली. "मधाची बरणी धाकटीच्या खोलीत सापडली. पोलीस येतायत. बरणीवरून ते तिला घेऊन जातील. मी थांबवू शकत नाही."

"देव आहे म्हणायचा," थोरली म्हणाली.

धाकटीनं हात जोडले. "मला नेतील ते नेऊ देत. फक्त चिमणीला एकदा मांडीवर घेऊ द्या. परत केव्हा भेटेल ती मला? भेटली तर ओळखेल का?"

"घे की. पण गार वारा आहे, पोरीला गुंडाळ कशात तरी."

धाकटीनं हात मागे नेला, बाकावरचा रग ओढला आणि लेकीला मानेपासून पायांपर्यंत त्यात गुंडाळलं. काही विचार न करता. आया गुंडाळतात तशी.

पण चिमणी मांडीवर टिकेना. खाली अंगणाच्या टोकाला झोपाळा होता. "मला झोका!" म्हणत ती सुळकन उतरली आणि पायऱ्यांवरून पळाली. रग मागे फरफटत, राणीच्या शेल्यासारखा.

झोपाळ्यामागचं झुडूप हललं.

वनरक्षकानं बंदूक खांद्याला लावली. रेंजरबाईनं हात वर केला नाही. ती अंगणाकडे बघतच नव्हती. ती माणसांकडे बघत होती.

धाकटी अर्धवट उठली, "चिमणे, लांब जाऊ नकोस," म्हणाली. थोरल्यानं जांभई दिली. थोरली बांगडी फिरवत होती.

आणि मालकीणबाईंची काठी खाडकन फरशीवर पडली.

"टाक! चिमणे, तो रग टाक! काढ अंगावरून!"

जिना चढताना चार ठिकाणी थांबणारी बाई त्या पायऱ्या वाऱ्यासारखी उतरली. तिनं पोरीच्या अंगावरचा रग ओरबाडून काढला, जेवढं बळ होतं तेवढ्यानं झुडपापासून उलट्या दिशेला फेकला, आणि पोरीला छातीशी धरून तिथंच मातीत बसली. धापा टाकत.



"आजी," रेंजरबाई पायऱ्या उतरत शांतपणे म्हणाली, "रग का टाकलात?"

"अस्वल आहे तिकडे! आंधळी आहेस का?"

"मग पोरीला उचलायचं. तुम्ही आधी रग का काढलात?"

मालकीणबाईंनी पोरीला आणखी घट्ट धरलं.

"मध खुर्चीला होता एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. रगाचं अक्षर काढलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"वास आला मला."

"वारा तुमच्याकडून बाकाकडे वाहतोय. मी हातभर अंतरावर होते, मला नाक आत खुपसावं लागलं तेव्हा वास लागला. तुम्हाला त्या टोकाला बसून आला?"

थोरला उभा राहिला. "रेंजरबाई, तोंड सांभाळा! ती माझी आई आहे."

"म्हणून तर सांगते, ऐका. तुमचा नाष्टाही झालाय, पोट भरलेलं आहे." ती पायरीवर बसली. "बरणी पलंगाखाली ठेवणाऱ्यानं एकच गोष्ट जास्तीची केली. झाकण उघडं ठेवलं. तळमजला, खिडकी उघडी, रात्रभर मधाचा वास. अस्वलीण सरळ त्या खोलीत आली असती. आता सांगा, ज्या खोलीत स्वतःचं पोर झोपतं, त्या खोलीत आई उघडा मध ठेवील? आणि धाकटीला मारायचं असतं तरी तिला वासानं मारायचं सुचलंच नसतं. जिला वास म्हणजे काय ते आठवत नाही, तिला वासाचं हत्यार कसं सापडेल? सासऱ्यानं मधाच्या पोळ्याची चेष्टा केली, तिला ती कळलीसुद्धा नाही. ज्यानं हे केलं त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, धाकटीला वास येणार नाही, ती बिनबोभाट म्हाताऱ्याला मधात बसवील. दुसरी, त्या रात्री चिमणी त्या खोलीत नसेल, आणि सकाळी आजोबांच्या मांडीवरही नसेल. दुसरी गोष्ट ठरवली कोणी?"

थोरलीची बांगडी थांबली. तिनं सासूकडे पाहिलं आणि खुर्ची जराशी सरकवली. हुशार बाई, भिंत पडायच्या आधीच तिला कळलं, कुठल्या बाजूला उभं राहायचं ते.

"सासूबाईंनी," ती म्हणाली. "चपलेचंही त्यांनीच सांगितलं. मी आपली सांगकामी."

"दोन रग होते," रेंजरबाई पुढे म्हणाली. "सकाळी धाकटीच्या हाताला कुठला लागेल ते माहीत नव्हतं, म्हणून आजींनी दोन्हींना मध फासला. आज अस्वलीण आली नसती तर उद्या आली असती, घाई नव्हती. पण दुसऱ्या रगाचं फक्त फासणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून मी तो बाकावर टाकला. गुन्हेगार धाकटी असती, तर तिनं तो पोरीला गुंडाळला नसता. थोरला किंवा थोरली असती, तर तिथं बसून त्यांनी मजा पाहिली असती. त्यांची पोर नव्हती ती. पोरीसाठी उडी कोण मारेल, एवढंच मला बघायचं होतं."

"पोरीला आमिष केलंत तुम्ही!" धाकटी ओरडली. तिनं रेंजरबाईकडे पाहिलं ते पाहणं चांगलं नव्हतं.

"केलं," रेंजरबाई म्हणाली. "बंदूक होती. तरी केलंच. शिव्या मग दे."

मालकीणबाई मातीतून उठल्या नाहीत. पण पाठ ताठ झाली. रडण्याचं प्रदर्शन मांडायची सवय नव्हतीच.

"हो. केलं," त्या म्हणाल्या. "काय चुकलं? माझा लेक गेला. त्याची एवढीशी खूण राहिली होती. ती या माणसानं ताटावर बसून वाटून टाकली, लोणच्याची फोड वाढावी तशी. मला विचारलं? जन्मभर कधी विचारलं नाही, ते सोसलं. हे कसं सोसायचं? आणि ही," त्यांनी धाकटीकडे बोट केलं, "हिला नवरा नवा मिळेल. पोरंही नवी होतील. मला लेक नवा मिळणार आहे का?"

"अस्वलीण धाकटीच्या खोलीत शिरली असती म्हणजे?"

"शिरली असती तर काय, पोलिसांचा हेलपाटा वाचला असता."

थोरला एक पायरी खाली उतरला. "आई, अगं, बाबा होते ते!"

"तुझे होते. माझे मालक होते."

जीपचा आवाज वळणावर आला. रेंजरबाई उठली, पोरीला आजीच्या मिठीतून सोडवून धाकटीकडे दिलं, आणि दोघींना आत जायला सांगितलं. मग झुडपाकडे न बघता हात वर केला.

एकच गोळी. तळ्यावरून तिचा आवाज फिरून परत आला. मग झाडावर चढलेल्या पिल्लांचं किंचाळणं सुरू झालं आणि ते थांबेना. केअरटेकरनं कानांवर हात ठेवले. "पिल्लांचं काय होईल बाईसाहेब?"

"काय व्हायचं? आईशिवाय हिवाळा निघत नाही." रेंजरबाईनं टोपी काढली, परत घातली. "तिला मी पिल्लू असल्यापासून बघत होते. तिनं मध चाटला फक्त."

पोलिसांनी मालकीणबाईंना जीपमध्ये बसवलं. त्यांनी हात धरू दिला नाही, आपल्या आपण चढल्या. थोरला आणि थोरली व्हरांड्यात कुजबुजत होते, आता वकील कुठला बघायचा आणि बघायचाच का.

धाकटी चिमणीला कडेवर घेऊन दारात आली. तिला वाटलं, संपलं. दुपारपर्यंत ज्याचं तोंड परत दिसेल की नाही ठाऊक नव्हतं, ते लेकरू कडेवर होतं. तिनं तिच्या गालाला गाल लावला.

चिमणीनं तोंड फिरवलं.

"आजीला कुठं नेतायत?"

"बाळा, आजीला..."

"तू नेऊ नकोस मला! मला आजी पाहिजे! आजोबांना तू मारलंस! आजीनं सांगितलं मला सकाळी, अंथरुणात. तू वाईट आहेस!"

जीपमधून मालकीणबाईंनी ते ऐकलं. त्या वळल्या नाहीत. फक्त पदर सारखा केला, काम नीट झालं की करावा तसा.

जीप सुटली. चिमणी हातपाय झाडू लागली, आईच्या छातीवर मुठी मारू लागली, तिच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं.

"सोड गं तिला घटकाभर," थोरली म्हणाली. "रडून गप्प होईल."

धाकटीनं सोडलं नाही. दात आणखी खोल गेले, तरी नाही.